डेटाबेस कोणता घ्यावा? एका मास्तराचं भांडण

परवा रात्री पुण्याहून भाचीचा फोन आला. "मामा, तुमची ती सीडीची गोष्ट मी आज मीटिंगमध्ये सांगितली." मी विचारलं, "मग?" तर म्हणाली, "सगळे हसले. आणि आमचे एक साहेब म्हणाले, शाळामास्तरांना डेटाबेसमधलं काय कळतं!"

आता एवढं ऐकून गप्प बसला तर तो मास्तर कसला? म्हणून हा लेख. नेहमी इथे येणाऱ्या मंडळींनी आज जरा सांभाळून घ्यावं. विषय संगणकाचा आहे, पण भांडण जुनंच आहे. आणि ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांनी माझ्या चुका जरूर काढाव्यात. जन्मभर मी दुसऱ्यांच्याच काढत आलो.

आधी प्रकरण काय ते सांगतो. भाची ज्या संस्थेत नोकरी करते ती मोठी आहे. कॉलेजं, वसतिगृहं, एक दवाखाना, सगळी मिळून सहा हजारांच्या आसपास माणसं पगारावर. तिथे आता एक नवी व्यवस्था आणायची आहे. तिला एंटरप्राइझ सर्व्हिस मॅनेजमेंट म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. आपलं आवक-जावक रजिस्टर असतं ना, त्याचाच हा शिकलेला नातू. कुणाचा संगणक बंद पडला, वसतिगृहातला नळ गळतोय, पगाराच्या पावतीत चूक झाली, नव्या माणसाला ओळखपत्र हवं आहे, अशा प्रत्येक मागणीला एक नंबर पडतो. त्याला तिकीट म्हणतात. मग ते तिकीट कुणाच्या टेबलावर आहे, किती दिवस पडून आहे, कुणी काय शेरा मारला, केव्हा निकाली निघालं, हे सगळं नोंदलं जातं. ही शिस्त मूळची संगणक विभागांची. ब्रिटिश सरकारच्या एका खात्याने १९८० च्या दशकात आयटीआयएल या नावाने तिची पुस्तकं काढायला सुरुवात केली. पुढे तीच पद्धत आस्थापना, हिशेब, बांधकाम अशा सगळ्याच विभागांना लावली गेली, म्हणून तिच्यामागे 'एंटरप्राइझ' लागलं.

रजिस्टर आलं की ते ठेवायला कपाट आलं. ते कपाट म्हणजे डेटाबेस. सगळं भांडण या कपाटावरून आहे. भाचीच्या समितीत चार पक्ष पडले आहेत. मास्तरांना काय कळतं म्हणणारे साहेब म्हणतात, ओरॅकल घ्या, मोठमोठ्या बँका तेच वापरतात. दुसरे म्हणतात, मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर घ्या, दवाखान्यात ते आधीच चालू आहे. तरुण मंडळी म्हणतात, पोस्टग्रेस घ्या, फुकट आहे आणि चांगलं आहे. आणि चौथ्यांचं म्हणणं, कपाटच कशाला हवं, सगळं क्लाउडवर टाकून मोकळे व्हा.

माझं म्हणणं असं की चौघेही चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत आहेत. किती महाग, किती वेगवान, किती मोठ्या कंपनीचं, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न हा की उद्या विकणारा उठून गेला, तर आपली सगळी माहिती आपल्या माणसाला, कुणाची परवानगी न मागता, बाहेर काढून दुसरीकडे उभी करता येईल का? आणि ते एकदा तरी करून पाहिलं आहे का? या प्रश्नाला 'हो' असेल तर कपाट लाकडाचं असो नाहीतर लोखंडाचं. 'नाही' असेल तर सोन्याचं कपाटही कुचकामी.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. ज्या सीडीच्या गोष्टीवर ती मंडळी हसली ती आता सांगतोच.

मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो तिथे २००२ साली पहिला संगणक आला. पुढच्याच वर्षी एका ओळखीच्या मुलाने निकालाचा प्रोग्राम करून दिला. गुण भरले की बेरीज आपोआप, टक्के आपोआप, नंबर आपोआप. एप्रिल महिन्यात आठ-आठ दिवस निकालपत्रकांवर मान मोडून बसणाऱ्या माणसाला तो चमत्कारच वाटला. मी इतका हरखलो की एक आदेश काढला: यापुढे पाचवी ते नववीची निकालपत्रकं हाताने लिहायची नाहीत. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हरकत घेतली होती. त्यांना मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सर, काळाबरोबर चला." आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात.

बॅकअप घ्यायचा असतो एवढं मला कुणीतरी सांगितलं होतं. दरवर्षी मे महिन्यात मी स्वतः बसून सीडी काढत असे, तिच्यावर शाईने वर्ष लिहीत असे आणि गोदरेजच्या कपाटात कुलपात ठेवत असे. अशा तीन सीड्या झाल्या. मग तो मुलगा नोकरीला कुठेतरी लांब गेला, संगणक जळाला, नवा आला, नव्या संगणकावर नवा प्रोग्राम आला, आणि २००८ मध्ये मी निवृत्त झालो.

२०१९ मध्ये एक जुनी विद्यार्थिनी आमच्या केदारखेड्यातल्या घरी आली. नववीनंतर तिचं लग्न लावून दिलं होतं. नवरा गेला, पदरात दोन लेकरं, आणि एका ठिकाणी कामावर घेतो म्हणत होते, फक्त नववीचं गुणपत्रक आणा. तिचं वर्ष त्या तीन वर्षांतलंच. शाळेत गेलो. कपाट उघडलं. सीडी जागेवर होती, अक्षर माझंच होतं. भोकरदनला एका संगणकवाल्याकडे नेऊन लावली. तो पोरगा पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "सर, याच्यात प्रोग्राम आहे. माहिती नाही." मी दरवर्षी ज्या फोल्डरची नक्कल करत होतो तो नुसता यंत्राचा सांगाडा होता. गुण दुसऱ्याच जागी साठत होते, आणि ती जागा जळालेल्या संगणकाबरोबर भंगारात गेली होती. उरलेल्या दोन सीड्याही तशाच.

त्याच कपाटात खालच्या खणात १९६९ सालचं निकालपत्रक होतं. वाळवीने एक कोपरा खाल्ला होता, पण प्रत्येक आकडा वाचता येत होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिची नोंद होती, कारण जनरल रजिस्टर सुदैवाने मी संगणकात घातलं नव्हतं. पण गुण मात्र तिला मिळाले नाहीत. ते काम दुसऱ्या कुणाला मिळालं. ती मला एक शब्द बोलली नाही, उलट जाताना पाया पडली. त्याने जास्त लागलं.

तर ही ती विनोदी गोष्ट.

आता तुम्ही म्हणाल, तुमची चूक तुमची, त्यात डेटाबेसचा काय संबंध? संबंध आहे. माहिती टिकणं आणि माहिती वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना हे कुणी शिकवायची गरज नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. दफ्तराची भाषा उर्दू, कुठे फारसी, आणि मराठी नोंदी असल्या तर मोडीत. माझे वडील उर्दू माध्यमात शिकलेले. पुढे सगळा कारभार मराठीत आला तरी कितीतरी वर्षं लोक जमिनीचे जुने कागद घेऊन आमच्या ओट्यावर यायचे आणि वडील ते वाचून दाखवायचे. कागद त्यांचा, जमीन त्यांची, शिक्का खरा, फक्त वाचणारा दुसराच. वडील गेल्यावर लोक यायचे थांबले. कागद काही संपले नव्हते.

२०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. त्या आंदोलनाचं केंद्र आमच्याच जालना जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, तो वेगळा विषय. पण तेव्हा काय झालं ते पाहा. दफ्तरखान्यांतली बांधलेली गाठोडी सुटली, आणि मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे कुठे मिळतील याची शोधाशोध सुरू झाली. कागद शाबूत होते. तुटवडा होता तो वाचणाऱ्यांचा. डेटाबेस निवडणाऱ्या प्रत्येक समितीला एक दिवस त्या गाठोड्यांसमोर बसवावं असं मला वाटतं. आज तुम्ही जी लिपी निवडत आहात ती तीस वर्षांनी किती जणांना येत असेल, हा प्रश्न तिथे आपोआप सुचेल.

आता एकेका पक्षाकडे वळतो.

पहिला पक्ष: महाग ते भरवशाचं. ओरॅकल उत्तम आहे यात वाद नाही. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत कशी मांडावी यावर एक निबंध लिहिला. त्या कल्पनेवर १९७९ मध्ये ज्यांनी विकण्याजोगा डेटाबेस बाजारात आणला ती हीच कंपनी. पण किंमत ऐका. तिच्या एंटरप्राइझ आवृत्तीचा छापील भाव अनेक वर्षं एका प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर राहिला, आणि त्यावर दरवर्षी २२ टक्के देखभालीचे. म्हणजे पाच वर्षांत मूळ किमतीहून जास्त रक्कम नुसत्या देखभालीची होते. प्रत्यक्षात सूट मिळते म्हणतात, पण सूट देणाराच पुढच्या वेळी ती काढून घेऊ शकतो.

बरं, कशासाठी हे? मी पाटीवर हिशेब केला. सहा हजार माणसं, प्रत्येकाची महिन्याला एक तक्रार धरा. वर्षाला ७२ हजार. दहा वर्षांत ७ लाख २० हजार. प्रत्येक तक्रारीवर दहा शेरे धरले तर ७२ लाख ओळी. भाची म्हणाली, "मामा, आज कुठलाही डेटाबेस एवढं झोपेत सांभाळतो." मग बँकेचं उदाहरण कशाला? बँकेत क्षणाक्षणाला हजारो उलाढाली होतात. वसतिगृहाच्या नळाची तक्रार तशी नसते. गावच्या पाणंदीला महामार्गाचा पूल बांधून काय मिळणार? तिथे जागा खातात ते फोटो. प्रत्येक जण तक्रारीबरोबर मोबाईलने काढलेले चार फोटो जोडतो. ते डेटाबेसच्या पोटात न कोंबता बाहेर फाईल म्हणून ठेवले आणि आत फक्त त्यांचा पत्ता लिहिला की कपाट हलकं राहतं. हे करायला डॉलर लागत नाहीत.

"मोठी कंपनी जबाबदारी घेते" हाही एक भ्रम. करारपत्र वाचा. बहुतेक करारांत विकणाऱ्याची जबाबदारी फार तर तुम्ही दिलेल्या पैशांपुरती असते, आणि हरवलेल्या माहितीची भरपाई त्यातून स्पष्ट वगळलेली असते. त्या विद्यार्थिनीचं जे गेलं ते कुठल्या कंपनीने भरून दिलं असतं?

मालक बदलतात ही गोष्ट तर वेगळीच. मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस १९९५ साली स्वीडनमध्ये निघाला. निर्मात्यांपैकी एक मायकेल विडेनियस. त्यांच्या मुलीचं नाव 'मी' (इंग्रजी स्पेलिंग तेच, आपण त्याला 'माय' म्हणतो), त्यावरून ते नाव पडलं. २००८ मध्ये सन कंपनीने तो सुमारे १ अब्ज डॉलरला विकत घेतला, आणि २०१० मध्ये खुद्द सनच ओरॅकलने घेतली. दोन वर्षांत दोन मालक. पण मायएसक्यूएलचं अंतरंग सगळ्यांना खुलं होतं. त्यामुळे विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याचीच दुसरी शाखा काढली आणि धाकट्या मुलीच्या नावाने तिला मारियाडीबी म्हटलं. मालक कुणीही होवो, वाट बंद होऊ शकली नाही. खुलं असण्याचा खरा फायदा हा आहे. फुकट मिळणं हा त्यातला लहान भाग.

दुसरा पक्ष, तरुणांचा: पोस्टग्रेस फुकट आहे, घेऊन टाका. माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळलंच असेल, म्हणून यांचेच कान आधी पिळतो. पोस्टग्रेस हा कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली १९८६ मध्ये सुरू झालेला प्रकल्प, १९९६ पासून पोस्टग्रेसक्यूएल या नावाने चालतो. त्याचा कुणी एक मालक नाही. दरवर्षी मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. याचा अर्थ पाच वर्षांच्या आत तुम्हाला पुढच्या आवृत्तीवर जावंच लागतं, आणि ते काम करणारा माणूस पदरी लागतो. गाय दान मिळाली तरी चारा विकत घ्यावा लागतो. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ही विद्या जाणणारे लोक पुण्यात आहेत. एंटरप्राइझडीबी ही पोस्टग्रेसवरच पोट असलेली कंपनी, तिचं मोठं कार्यालय पुण्यातच आहे.

आणि खुला डेटाबेस घेतला म्हणून माहिती वाचेलच असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट आहे. गिटलॅब ही संगणकवाल्यांची जगभर वापरली जाणारी सेवा, तिचा डेटाबेस पोस्टग्रेसच. रात्री उशिरा दमलेल्या एका कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवर मुख्य डेटाबेसच पुसून टाकला. मग बॅकअप शोधायला गेले. पाच तऱ्हांनी माहितीची नक्कल राहावी अशी व्यवस्था होती, वेळेला एकही धड उपयोगी पडली नाही. रोजची नक्कल काढणारा प्रोग्राम आवृत्ती न जुळल्यामुळे नुसता अपयशी होत होता, आणि तसं कळवणारी पत्रं कुणाला पोचतच नव्हती. कुणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी काढून ठेवलेल्या एका नकलेवर सगळं निभावलं. तरी तेवढ्या सहा तासांतली माहिती गेली. त्यांनी हे लपवलं नाही, सविस्तर लिहून जगापुढे ठेवलं, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. मी ते भाचीकडून ऐकलं तेव्हा मला माझ्या सीड्या दिसल्या. कपाटात ठेवलेला आणि कधीही न उघडलेला बॅकअप, केदारखेड्यात असो की अमेरिकेत, सारखाच.

तिसरा पक्ष: क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा. म्हणजे कपाट शेजाऱ्याच्या घरात ठेवायचं. शेजारी श्रीमंत आहे, पहारा चांगला आहे, सगळं मान्य. पण ५ एप्रिल २०२२ ला काय झालं ते ऐका. अॅटलासियन ही कंपनी नेमक्या याच प्रकारच्या तिकिटांच्या सेवा क्लाउडवरून विकते. जुनं काहीतरी काढून टाकण्यासाठी त्यांनीच चालवलेल्या एका प्रोग्रामने पावणेआठशेच्या आसपास ग्राहकांच्या सगळ्या जागाच उडवल्या. काहींची व्यवस्था परत उभी राहायला दोन आठवडे लागले. त्यांच्याकडे बॅकअप होते आणि ते चालले, हे खरं. पण ते दोन आठवडे ग्राहकाच्या हातात काय होतं? वाट पाहणं. ज्यांनी आपल्या माहितीची एक प्रत दर आठवड्याला आपल्याकडे आणून ठेवली होती त्यांना निदान जुने कागद तरी बघता आले असतील.

आणि ही दूरदेशीची गोष्ट आहे असं समजू नका. शिक्षकांच्या पगाराची आपली शालार्थ प्रणाली २०१८ च्या सुरुवातीला बंद पडली, आणि कित्येक महिने पगार ऑफलाइन काढायला परवानगी द्यावी लागली. ऑफलाइन म्हणजे जुन्या पद्धतीची बिलं. ती करू जाणणारी माणसं कार्यालयांत तेव्हा शिल्लक होती, म्हणून गाडा ढकलता आला.

चौथा पक्ष मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यांचं म्हणणं मला सगळ्यात जास्त पटलं. एसक्यूएल सर्व्हरवाले. भाची म्हणाली, "मामा, आमच्याकडे डेटाबेस सांभाळणारे दोघंच आहेत आणि दोघांनाही तोच येतो. उद्या पोस्टग्रेस घेतला तर रात्री दोन वाजता उठवायचं कुणाला?" याला मी काय उत्तर देणार? वाचणारा महत्त्वाचा असं मीच इतका वेळ सांगत होतो. घरात उर्दू वाचणारे दोघं असतील तर मोडीचा आग्रह धरण्यात काय शहाणपण? शिवाय निवड अगदी मोकळीही नसते. जे तिकिटांचं सॉफ्टवेअर घ्याल ते ठरावीक कपाटांतच बसतं. फ्रान्समध्ये जन्मलेलं जीएलपीआय हे खुलं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवरच चालतं. झोहोच्या सर्व्हिसडेस्क प्लसबरोबर पोस्टग्रेस येतो, नको असेल तर एसक्यूएल सर्व्हर लावता येतो. तेव्हा आधी सॉफ्टवेअर पसंत करायचं, सह्या करायच्या आणि मग कपाटाची चर्चा करायची, हा उलटा कारभार. दोन्ही निवडी एकाच बैठकीत व्हायला हव्यात.

तर माझी सूचना अशी. दोन्ही सारख्या तोडीचे असतील तर खुलं घ्या. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणातही खुल्या सॉफ्टवेअरला पसंती द्यावी, आणि ते वगळलं तर कारण द्यावं, असंच म्हटलं आहे. माणसं तयार नसतील तर त्यांना येतं ते घ्या, लाज नाही. पण कुठलंही घेतलं तरी चार अटी लिहून घ्या.

पहिली अट. शेवटचा हप्ता देण्याआधी विकणाऱ्याने सगळी माहिती साध्या, कुणालाही वाचता येईल अशा फाईलींत काढून द्यावी, सोबत कुठल्या तक्त्यात काय आहे याचा तपशील द्यावा, आणि तुमच्या माणसाने ती दुसऱ्या यंत्रावर उभी करून दाखवावी. तोंडी आश्वासन चालणार नाही. मी वर्गात "पाठ आहे सर" म्हणणाऱ्याला उभं करून म्हणायला लावत असे, तसंच.

दुसरी. दर तीन महिन्यांनी बॅकअपवरून सगळी व्यवस्था वेगळ्या जागी उभी करायची आणि जुन्या वीस तक्रारी उघडून बघायच्या. बघणारा रोज ते काम करणारा नसावा. परीक्षेचा पेपर ज्याने लिहिला त्यानेच तपासायचा नसतो.

तिसरी. संस्थेचे नियम, म्हणजे कुठली तक्रार किती दिवसांनी वरच्या साहेबांकडे जाते वगैरे, डेटाबेसच्या पोटात त्या कंपनीच्या खास बोलीत लिहू नका. एसक्यूएल ही भाषा १९८६ साली प्रमाण ठरली, तरी प्रत्येक कंपनीने तिची आपापली बोली केली आहे. त्या बोलीत जितकं जास्त लिहाल तितकं घर बदलणं अवघड. प्रमाणभाषेत लिहा. आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या माणसाचं एवढं ऐका.

चौथी अट मराठीची, आणि ती मला सगळ्यात जवळची. एका कार्यालयाने मला दिलेल्या पावतीवर माझ्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं छापून आली होती. चार प्रश्नचिन्हं, जागा, परत सहा. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "प्रिंटरचा प्रॉब्लेम आहे." नंतर भाचीने समजावलं की प्रिंटर बिचारा निर्दोष. डेटाबेसमध्ये नावाचा रकाना फक्त इंग्रजी लिपी धरून आखला की मराठी अक्षर आत जातानाच त्याचं प्रश्नचिन्ह होतं, आणि मग मूळ अक्षर परत मिळत नाही. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला इंग्रजीच्या तिप्पट जागा लागू शकते. चार हजारांचा रकाना बाइटमध्ये मोजला असेल तर मराठीत तेराशे चिन्हांनंतर तक्रार अर्ध्यातच तुटते. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधीपासून लोक 'अ'वर चंद्र देऊन ते लिहीत आले आहेत. दिसायला दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. मग एका पद्धतीने लिहिलेला ॲडव्होकेट दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. यातलं काहीही आज अशक्य नाही, वर सांगितलेल्या प्रत्येक डेटाबेसला मराठी नीट येते. फक्त पहिल्या दिवशी तसं सांगावं लागतं. वसतिगृहातल्या मावशी तक्रार मराठीतच लिहिणार. तेव्हा खरेदीआधी जोडाक्षरांनी भरलेली पानभर मराठी तक्रार घालून बघा, ती शोधून बघा, बॅकअपमधून परत काढून बघा.

या चार अटींपैकी एकीलाही संगणकाची पदवी लागत नाही. म्हणूनच बहुधा त्या कुणी लिहीत नाही. वेगाचे तक्ते दाखवणं सोपं, कारण ते विकणाराच तयार करून देतो. "बाहेर कसं पडायचं" हा प्रश्न मात्र आपला आपल्यालाच विचारावा लागतो, आणि लग्नाच्या बोलण्यात काडीमोडाची भाषा काढल्यासारखा तो लोकांना अशुभ वाटतो. सोयरीक जमवताना घराचं मागचं दार बघणाऱ्या माणसाला आपण खडूस म्हणतो. असो, मी खडूस तर खडूस.

त्या साहेबांना माझा एकच निरोप आहे. साहेब, शाळामास्तरांना डेटाबेसमधलं फारसं कळत नाही, हे खरंच आहे. पण नोंद हरवली की काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे. तुमच्या रजिस्टरातलं प्रत्येक तिकीट कुणाचा तरी पगार आहे, कुणाचं ओळखपत्र आहे, कुणाच्या खोलीतला अंधार आहे. तुम्ही बॅकअप घेता ना? मग येत्या सोमवारी तो एकदा उघडून दाखवा. मी माझा उघडला, पण चौदा-पंधरा वर्षं उशिरा.

भाची म्हणते, पहिली आणि चौथी अट तिने मसुद्यात घातली आहे, बाकीच्या दोन बैठकीत मांडणार आहे. बघू या काय होतं ते.

ता. क. : त्या तीन सीड्या मी शाळेतून मागून आणल्या आहेत. त्या आता माझ्या टेबलावर, चष्म्याच्या घरासमोर असतात. नातवंडं त्यांच्याशी खेळायला मागतात, पण देत नाही.